फिर्यादीतून वगळलेला शब्द

२८ नोव्हेंबर १९७३ च्या सकाळी मुंबईतील परळच्या केईएम रुग्णालयात, एका इमारतीच्या तळघरात, एका सफाई कामगाराला एक तरुण परिचारिका रक्तात माखून बेशुद्ध पडलेली आढळली. आदल्या संध्याकाळी काम संपवून ती तेथे कपडे बदलण्यासाठी गेली होती. रुग्णालयातल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने कुत्र्याला बांधायच्या साखळीने तिचा गळा आवळला व तिच्यावर अत्याचार केला. मेंदूला रक्तपुरवठा न झाल्याने ती पुन्हा कधी शुद्धीवर आली नाही. ती परिचारिका म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरची अरुणा शानबाग. त्या वेळी तिचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते आणि त्याच रुग्णालयातील एका डॉक्टराशी तिचा विवाह ठरलेला होता.

ही कहाणी वाचकांना ठाऊक आहे. तिच्यातल्या एका तपशिलाकडे मात्र आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे मला वाटते. पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला तो जबरी चोरीचा आणि खुनाच्या प्रयत्नाचा. लैंगिक अत्याचाराचा उल्लेख फिर्यादीत नव्हता. रुग्णालयाच्या तत्कालीन प्रमुखांनी तो होऊ दिला नाही, कारण मुलीची बदनामी होईल, ठरलेले लग्न मोडेल, असे त्यांना वाटले. पिंकी विराणी यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘अरुणाज स्टोरी’ या पुस्तकातून ही बाब मोठ्या वाचकवर्गासमोर आली. परिणाम असा झाला, की आरोपीवर त्या अपराधाचा खटलाच उभा राहिला नाही. भारतीय दंड संहितेच्या ३७७ व्या कलमाखाली दहा वर्षांपर्यंत किंवा आजन्म कारावास होऊ शकला असता. प्रत्यक्षात सात–सात वर्षांच्या दोन शिक्षा एकाच वेळी भोगून तो मोकळा झाला.

हेतू वाईट नव्हता, हे मान्य करू. परंतु ज्याने सारे आयुष्य सरकारी कागदांत घालवले आहे, त्याला या प्रसंगातली खरी मेख लगेच दिसते. कागदावर जो शब्द येतो त्याचीच चौकशी होते, त्याचाच पुरावा गोळा केला जातो व त्याचीच शिक्षा ठरते. जो शब्द आला नाही, तो गुन्हा कायद्यापुरता घडलेलाच नसतो. आरोग्यसेवेतील लैंगिक गैरवर्तनाचा आपल्याकडील इतिहास मला बव्हंशी अशा वगळलेल्या, बदललेल्या व सौम्य केलेल्या शब्दांचा इतिहास वाटतो.

अरुणाचे पुढे काय झाले, ते थोडक्यात सांगतो. घटनेनंतर मुंबईतील परिचारिकांनी संप केला. अरुणाची नीट व्यवस्था व्हावी आणि आपल्याला कामाच्या जागी सुरक्षितता मिळावी, अशा त्यांच्या मागण्या होत्या. ऐंशीच्या दशकात महापालिकेने तिची खाट मोकळी करण्याचा प्रयत्न केला, तो केईएमच्या परिचारिकांनीच हाणून पाडला. पिढ्या बदलल्या, निवृत्त होणाऱ्यांच्या जागी नव्या आल्या, पण तिची शुश्रूषा खंडित झाली नाही. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या दयामरणाची याचिका फेटाळली, तथापि निष्क्रिय दयामरणाला काही अटींवर मान्यता दिली. १८ मे २०१५ रोजी न्युमोनियाने तिचे निधन झाले. आज विधी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला अरुणा शानबाग हे नाव विचारले तर तो दयामरणाचा निकाल सांगेल. रुग्णालयात काम करणाऱ्या स्त्रीच्या सुरक्षिततेचा निकाल म्हणून तिचे नाव कोणत्याही पुस्तकात येत नाही, कारण तसा निकाल झालाच नाही.

वैद्याने स्त्री-रुग्णाशी कसे वागावे, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दीक्षा देताना आचार्य बजावतात, की रुग्णाच्या घरी ओळखीच्या माणसाबरोबरच प्रवेश करावा, लक्ष केवळ रुग्णावर असावे, घरातील गोष्ट बाहेर बोलू नये, आणि स्त्रीने देऊ केलेली वस्तू तिच्या पतीच्या वा पालकाच्या अनुमतीवाचून स्वीकारू नये. सुश्रुतही वैद्याला स्त्रियांसह बसण्या-उठण्यापासून व थट्टामस्करीपासून दूर राहावयास सांगतो. हे नियम शहाणपणाचे आहेत यात शंका नाही. मात्र त्यांत अनुमती विचारावयाची ती पतीची, हे ध्यानात ठेवावे. हा धागा पुढे विसाव्याच नव्हे, एकविसाव्या शतकापर्यंत आपल्याला सापडणार आहे.

एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाला जे उत्तर मिळाले ते पडद्याचे. पुरुष डॉक्टरांकडे स्त्रिया जात नाहीत, तेव्हा स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर आणाव्यात. १८८५ मध्ये डफरिन निधी स्थापन झाला, १८८६ मध्ये मुंबईचे कामा रुग्णालय सुरू झाले, आनंदीबाई जोशी अमेरिकेतून पदवी घेऊन परतल्या त्या त्याच वर्षी. आमच्या इंदूरलाही कॅनडाच्या मिशनच्या डॉ. एलिझाबेथ बीटी १८८४ मध्ये येऊन पोहोचल्या होत्या. या चळवळीने असंख्य स्त्रियांचे प्राण वाचवले, तिचे ऋण मोठे आहे. पण पुरुष डॉक्टराने मर्यादा ओलांडली तर त्याला जाब कोणी विचारावा, या प्रश्नाला तिने हात घातला नाही. तो प्रश्न वैद्यकीय परिषदांच्या वाट्याला आला.

या परिषदांचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. १८५८ च्या ब्रिटिश वैद्यकीय कायद्याने डॉक्टरांची नोंदवही सुरू केली आणि व्यवसायात ‘लांच्छनास्पद वर्तन’ करणाऱ्याचे नाव त्या नोंदवहीतून काढण्याचा अधिकार परिषदेला दिला. हिंदुस्थानात पहिला तसा कायदा झाला तो मुंबई इलाख्यात, १९१२ मध्ये. पुढे १९३३ मध्ये व नंतर १९५६ मध्ये अखिल भारतीय परिषदेचे कायदे झाले. महाराष्ट्राने १९६५ मध्ये व मध्य प्रदेशाने १९८७ मध्ये आपापले परिषद-कायदे केले. लांच्छनास्पद म्हणजे काय, हे डॉक्टरांनीच डॉक्टरांपुरते ठरवावयाचे होते. एकंदर कल्पनाच अशी, की व्यवसायाची अब्रू सांभाळावयाची आहे. रुग्ण या कल्पनेत साक्षीदाराच्या जागी उभा असतो, फिर्यादीच्या नव्हे.

२००२ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान परिषदेने व्यावसायिक आचरण, शिष्टाचार व नीतिविषयक विनियम केले. त्यातील ७.४ हा विनियम आपल्या विषयाचा. त्याचा आशय असा, की आपल्या व्यावसायिक स्थानाचा दुरुपयोग करून रुग्णाशी व्यभिचार किंवा अनुचित वर्तन करणारा, किंवा रुग्णाशी अनुचित संबंध ठेवणारा डॉक्टर शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरेल. येथे ‘व्यभिचार’ या शब्दापाशी थांबावे लागते. भारतीय दंड संहितेच्या ४९७ व्या कलमानुसार व्यभिचार हा परस्त्रीच्या पतीविरुद्धचा गुन्हा होता. फिर्याद पतीने करावयाची, आणि त्याची संमती वा मूकसंमती असेल तर गुन्हाच होत नसे. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरवले, ते नेमके याच कारणाने, की त्यात स्त्रीला पतीची मालमत्ता मानले होते. दंड संहितेतून तो गुन्हा गेला, पण डॉक्टरांच्या आचारसंहितेत तो शब्द तसाच राहिला. तपासणीच्या टेबलावर असहाय पडलेल्या स्त्रीवर जे घडते, त्याला व्यभिचार म्हणणे म्हणजे तिलाही त्यात भागीदार धरणे होय. आणि अविवाहित मुलीच्या किंवा विधवेच्या बाबतीत तर तो शब्द लागूही पडत नाही. मग उरते ते ‘अनुचित वर्तन’, ज्यात उर्मट बोलण्यापासून बलात्कारापर्यंत सर्व काही मावते.

अशा व्यापक शब्दांची माझी ओळख जुनी आहे. आमच्या मध्य प्रदेशातील फायली हिंदीत चालतात. एका जिल्ह्यात असताना एका ग्रामीण आरोग्य केंद्रातील परिचारिकेच्या तक्रारीची फाइल माझ्या पाहण्यात आली. तिने अर्जात काय लिहिले होते ते येथे सांगण्याची गरज नाही. तिने स्पष्ट लिहिले होते, एवढे पुरे. अर्ज तीन टेबलांवरून वर सरकला तेव्हा टिपणीचा विषय झाला होता ‘आपसी विवाद’. निर्णय त्या विषयाला साजेसा झाला: दोघांच्या बदल्या. त्याची बदली शहराजवळ झाली, तिची आणखी आत. फाइलमध्ये नियमाविरुद्ध असे एक अक्षर नव्हते.

फौजदारी कायद्यात रुग्णालयाचा स्वतंत्र उल्लेख आला तो महाराष्ट्रातीलच एका प्रकरणाच्या धक्क्याने, आणि ते प्रकरण रुग्णालयातले नव्हते. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांकडून अत्याचार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडून दिले, कारण मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले व त्यातून देशभर चळवळ उभी राहिली. १९८३ च्या दुरुस्तीने ‘ताब्यातील’ स्त्रीचा विचार कायद्यात आला आणि पोलीस ठाणे व तुरुंग यांच्या पंक्तीला रुग्णालयही बसले. रुग्णालयाच्या व्यवस्थापनातील वा सेवेतील पुरुषाने आपल्या स्थानाचा फायदा घेऊन तेथील स्त्रीशी संबंध ठेवला, तर तो बलात्काराच्या व्याख्येत बसो वा न बसो, दंडनीय ठरला. २०१३ मध्ये त्याची शिक्षा किमान पाच व कमाल दहा वर्षे झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद ६८ व्या कलमात आहे. रुग्ण डॉक्टरासमोर पूर्ण स्वतंत्र नसतो, त्याची ‘संमती’ वेगळ्या काट्यावर तोलली पाहिजे, हे सत्य फौजदारी कायद्याला १९८३ मध्ये उमगले. परिषदेच्या विनियमांत त्यानंतर एकोणीस वर्षांनीही ‘व्यभिचार’ लिहिले गेले.

आता चौकशीच्या रीतीविषयी. या ठिकाणी पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांचे नाव आदराने घ्यावयास हवे. ‘आलोचना’ या संस्थेच्या वतीने त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून कळवले, की १९९७ च्या विशाखा निकालातील मार्गदर्शक तत्त्वे प्रत्यक्षात पाळली जात नाहीत. न्यायालयाने ते पत्र याचिका म्हणून दाखल करून घेतले. २६ एप्रिल २००४ च्या आदेशाने तक्रार समिती हीच चौकशी अधिकारी व तिचा अहवाल हाच चौकशी अहवाल मानावा, असे ठरले. खात्याबाहेरच्या वाचकाला याचे महत्त्व चटकन कळणार नाही. त्यापूर्वी समितीपुढे एकदा सर्व सांगून झाल्यावर त्या स्त्रीला विभागीय चौकशीत तेच सर्व दुसऱ्यांदा, उलटतपासणीसह, सांगावे लागे. बहुतेक प्रकरणे या दुसऱ्या पायरीवर गळत.

याच याचिकेचा अंतिम निकाल १९ ऑक्टोबर २०१२ रोजी लागला. त्यात न्यायालयाने वकील परिषदेबरोबरच भारतीय आयुर्विज्ञान परिषदेचेही नाव घेऊन सांगितले, की तिच्याकडे नोंदलेल्या व्यक्ती व संस्था विशाखा तत्त्वे पाळतील हे तिने पाहावे, आणि लैंगिक छळाची तक्रार आल्यास तिची हाताळणी त्याच तत्त्वांनुसार करावी. याचा सरळ अर्थ असा, की समितीत किमान निम्म्या स्त्रिया, अध्यक्ष स्त्री, आणि बाहेरची एक तटस्थ व्यक्ती. दहा वर्षांपूर्वीच्या विनियमांतील ८.२ शेजारी हा निकाल ठेवून पाहावा. तक्रार आल्यावर परिषद चौकशी करील व संबंधित डॉक्टराला स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणे मांडण्याची संधी देईल, असे तेथे लिहिले आहे. तक्रार करणारीला कशी संधी द्यावी, तिच्यासोबत कोण असावे, तिला कोणते कागद मिळावेत, याविषयी ते कलम मौन पाळते. त्याच विनियमांत दोन चांगल्या गोष्टी आहेत हेही सांगितले पाहिजे: निर्णय सहा महिन्यांत व्हावा, आणि चौकशी चालू असता परिषदेला डॉक्टरास त्या विशिष्ट कामापासून रोखता यावे. पहिल्या गोष्टीचे काय होते, हे कोणत्याही चौकशीत बसलेल्या माणसाला सांगावयास नको. दुसरीचा उपयोग मनावर घेऊन केला, तर प्रतिबंध म्हणून तिच्यासारखे साधन नाही.

सिमरोल हे इंदूरहून खंडव्याकडे जाताना घाटाच्या अलीकडे लागणारे गाव. येथली बाई मोठे दुखणे घेऊन इंदूरच्या एम.वाय. रुग्णालयात जाते. तेथे किंवा एखाद्या खासगी दवाखान्यात तिच्याशी कोणी अतिप्रसंग केला, तर परिषदेकडे दाद मागण्यासाठी तिने भोपाळ गाठावे, म्हणजे सुमारे दोनशे किलोमीटर. तेही प्रत्येक तारखेला. तिला हेही कळले पाहिजे, की डॉक्टरासाठी एक परिषद आहे, परिचारिकेसाठी दुसरी, आणि अरुणावर हल्ला करणाऱ्यासारख्या सफाई कर्मचाऱ्यासाठी कोणतीच नाही. हल्ली तर हे कर्मचारी ठेकेदाराचे असतात. एका रुग्णालयाने काढून टाकलेला माणूस दुसऱ्यात कामाला लागला, तर त्याचा पूर्वेतिहास सांगणारी नोंदवही कोठेही नसते. तपासणीच्या वेळी खोलीत परिचारिका वा नातेवाईक स्त्री असावी, हा साधा शिरस्ता आपल्या कित्येक जुन्या डॉक्टरांनी स्वतःहून पाळला. तो शिरस्ता भिंतीवर लिहून लावला आणि ती उपस्थिती केसपेपरवर नोंदली, तर रुग्णाचे रक्षण होईल, आणि खोट्या आळाच्या भीतीने धास्तावलेल्या डॉक्टराचेही.

ज्या इंग्लंडकडून आपण परिषदेची कल्पना घेतली, तेथे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. यॉर्क येथील दोन मनोविकारतज्ज्ञांविरुद्ध स्त्री-रुग्णांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या, पण ‘मनोरुग्णाचे बोलणे’ म्हणून त्या दुर्लक्षिल्या गेल्या. या प्रकरणाच्या सरकारी चौकशीचा अहवाल २००५ मध्ये आला. २००८ मध्ये तेथील परिषदेने पुराव्याची कसोटी बदलली: फौजदारी खटल्याप्रमाणे ‘निःसंशय सिद्ध’ ऐवजी दिवाणी दाव्याप्रमाणे ‘अधिक संभाव्य काय’ ही. २०१२ मध्ये तपास करणारे व निवाडा करणारे वेगळे केले गेले आणि निवाड्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण स्थापन झाले. यातील पहिला बदल आपल्या सरकारी नोकराला अपरिचित नाही, कारण विभागीय चौकशीत आम्ही नेहमीच संभाव्यतेच्या कसोटीने चालतो. तलाठ्याची नोकरी ज्या पुराव्यावर जाऊ शकते, त्या पुराव्यावर डॉक्टराची नोंदणी निलंबित करताना मात्र आपल्याकडे ‘कोर्टाचा निकाल येऊ द्या’ असे म्हणण्याची प्रथा आहे. आणि कोर्टाच्या निकालाचे काय होते, ते अरुणाच्या फिर्यादीने दाखवलेच आहे.

या अंधारात एक दिवा वर्ध्याच्या सेवाग्रामला लागला. तेथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यकाचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रियांची तपासणी प्रत्यक्षात कशी होते याचा अभ्यास करून अहवाल तयार केला. त्याच्या आधारे डॉ. रंजना पारधी यांनी २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल केली. त्यात मुख्य मुद्दा होता तथाकथित ‘दोन बोटांच्या चाचणी’चा. या चाचणीला कोणताही शास्त्रीय आधार नाही. ती स्त्रीचा ‘पूर्वानुभव’ मोजू पाहते आणि तपासणीच्या नावाखाली तिच्यावर दुसरा अत्याचार करते. विशेष हे, की येथे डॉक्टर वाट चुकलेला नसतो. तो पाठ्यपुस्तकात शिकवले तसेच करीत असतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत ही चाचणी वर्ज्य ठरवली. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये कौमार्याच्या खुणांचा भाग अभ्यासक्रमातून काढला, त्यामागेही खांडेकरांचाच पाठपुरावा होता. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी झारखंडातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की यापुढे ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. विद्या म्हणून शिकवलेल्या गोष्टीला गैरवर्तन हे नाव मिळावयास इतका काळ लागला. तरीही २०२४ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात कौमार्याचा तो जुना मजकूर परत आला होता. ओरड झाल्यावर ५ सप्टेंबरला तो अभ्यासक्रम मागे घ्यावा लागला.

हा आयोग जुन्या परिषदेच्या जागी आला. २०१० मध्ये परिषदेच्या अध्यक्षांना लाचेच्या आरोपावरून अटक झाली, परिषद बरखास्त झाली, आणि बऱ्याच घडामोडींनंतर २०१९ चा कायदा होऊन २५ सप्टेंबर २०२० रोजी आयोगाने कारभार हाती घेतला. नवी इमारत बांधताना जुनीतील एक चांगली खिडकी बुजवली गेली. २००२ च्या विनियमांत पुढे घातलेल्या ८.८ या तरतुदीने राज्य परिषदेच्या निर्णयाने व्यथित झालेल्या ‘कोणाही व्यक्तीला’ साठ दिवसांत अपील करण्याचा हक्क दिला होता, म्हणजे रुग्णालाही. २०१९ च्या कायद्याच्या ३० व्या कलमात अपिलाचा हक्क लिहिला आहे तो फक्त व्यथित झालेल्या डॉक्टराला. येथेही कोणी मुद्दाम काही केले असेल असे मी म्हणत नाही. एक शब्द लिहावयाचा राहिला, इतकेच.

२ ऑगस्ट २०२३ रोजी आयोगाने डॉक्टरांच्या आचरणाचे नवे विनियम अधिसूचित केले. त्यांवर वाद पेटला तो औषधे जेनेरिक नावाने लिहिण्याच्या सक्तीवरून व औषध कंपन्यांच्या परिषदांना हजर राहण्याच्या बंदीवरून. स्त्री-रुग्णाविषयी त्या वादात क्वचितच कोणी बोलले. तीन आठवड्यांनी, २३ ऑगस्ट रोजी, ते विनियम स्थगित झाले आणि २००२ चे विनियम, त्यांतील ७.४ सह, पुन्हा अमलात आले.